अकरा मतं आणि आई

सोमवार, ४ मार्च

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही. आई ठणठणीत आहे, मीही बरा आहे, आणि हे पत्र भांडण मिटवायला वगैरे लिहिलेलं नाही. तीन वर्षं तू बोलली नाहीस, मी बोललो नाही. ते जसं चाललंय तसं चालू दे. फोन केला असता, पण तू उचलत नाहीस हे माहीत आहे. कसं माहीत आहे ते विचारू नकोस.

काम एवढंच आहे. तू तीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवतेस. म्हणून फक्त माहितीसाठी विचारतो: लोकशाही म्हणजे नेमकं काय? एका ओळीत कळव.

कारण असं की आमच्या मालकांनी आता दुकानात रोज न यायचं ठरवलंय. गुडघे साथ देत नाहीत म्हणतात. आता त्यांच्या जागी दुकान बघणार कोण, हा प्रश्न आलाच. खरं तर प्रश्न कसला! अकरा जणांचं दुकान, सगळ्या गावाचे गणवेश आमच्याकडे शिवले जातात, आणि सव्वीस वर्षं कापड बेततोय मी. मी कात्री लावल्याशिवाय कोणाच्या मशीनला काम नाही. पण मालक म्हणाले, "मास्तर, मी तुम्हाला नेमलं तर लोक तुमच्या तक्रारी घेऊन माझ्या घरी येतील. त्यांनी तुम्हाला निवडलं, तर त्यांचं ते निस्तरतील. निवडणूक घ्या."

तर असं आहे. निवडून आल्यावर चार शब्द बोलावे लागतील, त्यात तुझी ओळ घालीन.

तुझा भाऊ

ता. क. – आई मजेत आहे. तिला काही कमी पडू देत नाही आम्ही. इकडची काडी तिकडे करू देत नाही.


शुक्रवार, १५ मार्च

ताई,

एक ओळ मागितली, तू चार पानं पाठवलीस. वर मायना 'महोदय'. चालेल. शाळेच्या शिक्क्याशिवाय पाठवलंस हेच उपकार.

मला कळलं ते असं: लोकशाही म्हणजे लोकांची सत्ता. बळी तो कान पिळी, हे जिथे चालत नाही ती लोकशाही. राज्य करणाऱ्याला लोकांनी बसवायचं, लोकांनी जाब विचारायचा आणि लोकांनीच उठवायचं. यातलं 'उठवायचं' हे तू दोनदा अधोरेखित केलंस. शाई सांडली असेल असं मी धरून चालतो.

असो. निवडणूक झाली. मी एकमताने निवडून आलो. काल दुपारी सगळ्यांना बेतायच्या टेबलाभोवती बोलावलं आणि म्हटलं, "मी दुकान बघावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा." दहाच्या दहा हात वर. इस्त्रीवाल्या काकांनी तर दोन्ही केले. काजवाल्या बाई (कोपऱ्यात बसून चौदा वर्षं काजं करतात, वर्षातून चार वाक्यं बोलतात) त्यांनीही सुईसकट हात वर केला. आपल्याकडे म्हणतातच, पाचामुखी परमेश्वर. इथे तर दहा मुखं होती.

सगळं दीड मिनिटात आटोपलं. तुझ्या चार पानांची गरज लागली नाही, तरी आभार.

तुझा भाऊ


मंगळवार, २ एप्रिल

ताई,

इकडे उन्हाळा वाढलाय. आईचा खोकला गेला. आमच्या नळाला आता सकाळीसुद्धा पाणी येतं. तुझी भावजय पोहायला शिकतेय.

निकाल लागला. चुरशीचा झाला.

म्हणजे काय झालं ते सांगतो, कारण मुळात चूक तुझी आहे. तुझं दुसरं पत्र आलं तेव्हा मी दुकानात होतो. तुझी पत्रं आधी आई वाचते, मग मला मिळतात; हे तुला ठाऊक असणारच. त्या दिवशी ती माझा डबा घेऊन आली आणि डब्याबरोबर तुझं पत्रही. मी मापं घेत होतो तेवढ्यात तिने चष्मा लावला आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं वाचलं:

"हात वर करा म्हणताना तुझ्या हातात कात्री होती का, ते कळव. ज्याच्या हातून काम मिळतं त्याच्या डोळ्यांदेखत हात वर करणं म्हणजे मत नव्हे, नमस्कार. मत गुप्त हवं. आणि दुसरा उमेदवार उभा राहू शकतो, हे निदान कोणाला सांगितलं होतंस का?"

मशीन सगळी थांबली. मी म्हटलं, "कात्री माझ्या हातात असतेच. मी काय कणीक मळतो?"

इस्त्रीवाले काका इस्त्री उभी करून म्हणाले, "मास्तर, वाईट वाटून घेऊ नका. पण ताई शिकलेल्या आहेत. परत घेऊन टाकू. तुम्हीच येणार हो!"

"तुम्हीच येणार हो" असं सगळेच म्हणाले. मग दुसरा उमेदवार हवा म्हणून कोणीतरी काजवाल्या बाईंचं नाव घेतलं. त्या "अगं बाई" एवढंच म्हणाल्या. ते मी त्यांच्या या वर्षाच्या चार वाक्यांतलं एक धरलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दोऱ्याच्या रिकाम्या डब्याला झाकणावर भोक पाडलं. प्रत्येकाला एक काळं बटण, एक पांढरं. काळं म्हणजे मी, पांढरं म्हणजे बाई. पडद्यामागे, जिथे गिऱ्हाईक कपडे घालून बघतं तिथे, डबा ठेवला. एकेकाने जाऊन एक बटण टाकायचं, उरलेलं खिशात ठेवायचं. मोजायला मालकांना घरून बोलावलं.

काळी बटणं दोन निघाली. पांढरी नऊ.

त्या दोनांतलं एक माझं. म्हणजे उरलेल्या दहा जणांत माझं म्हणावं असं एक माणूस आहे. तो कोण, हे शोधायची गरजच पडली नाही. संध्याकाळी आधी इस्त्रीवाले काका मला बाजूला घेऊन कुजबुजले, "मास्तर, ते दुसरं काळं बटण माझं." मी त्यांचा हात दाबला. मग पायजमेवाला आला: "कोणाला बोलू नका, ते दुसरं मी टाकलं." मग दोघी ओव्हरलॉकवाल्या, वेगवेगळ्या वेळी. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाई सोडून नऊ जणांनी माझ्यापुढे त्या एकाच बटणाची शपथ घेतली होती. नऊ आणि माझं एक, दहा. ताई, मी दहा मतं मिळवून हरलोय. तुझ्या इतिहासात असा हरलेला कोणी आहे का?

मी राजीनामा लिहून ठेवलाय. आई म्हणते, खिडकीला फट आहे तिथे लाव, वारं येतं.

तुझा भाऊ


रविवार, २१ एप्रिल

ताई,

राजीनामा दिला नाही. तू लिहिलंस म्हणून नव्हे. "जिंकणारे सगळीकडेच असतात, हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी डबा घेऊन कामावर येतो, तिथे लोकशाही आहे असं समजावं," हे तुझं वाक्य आईने मला तीनदा ऐकवलं, आणि तिसऱ्यांदा तिने सरळ डबाच हातात दिला.

आता इथलं ऐक. बाईंचं राज्य आल्यापासून दुकानात बोलणं फार वाढलंय. खिडकी उघडायची का, यावर मत. रेडिओ कोणता लावायचा, यावर मत. चहा साडेतीनला की चारला, यावर तर दोन फेऱ्या झाल्या, कारण पहिल्या फेरीत बरोबरी! (अकरा जणांत बरोबरी कशी, असं तू विचारशील. मी मत दिलं नाही. मी त्या वेळी खडूला टोक काढत होतो.)

आणि मग पाटलोणींचं झालं. दवाखान्याच्या सेवकांसाठी चाळीस पाटलोणी, आठ दिवसांत हव्या. सुती कापड. असं कापड बेतायच्या आधी भिजवून वाळवावं लागतं, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं. त्यात दोन दिवस जातात. कोणीतरी म्हणालं, वेळ नाही, न भिजवताच बेतू. बाईंनी मत घेतलं. सात विरुद्ध तीन. न भिजवता बेतायचं ठरलं.

मी सांगितलं होतं. अगदी बजावून सांगितलं होतं. पण ऐकतो कोण?

पाटलोणी गेल्या, धुतल्या गेल्या आणि परत आल्या. दवाखान्याचा मुकादम स्वतः एक घालून आला होता, पुरावा म्हणून. मोजे संपून वर चार बोटं पाय दिसत होता. गाव करी ते राव न करी, हे खरं. पण सगळ्या गावाने हात वर केले तरी सुती कापड आटायचं थांबत नाही. हे तुझ्या पुस्तकात घाल.

पुढचं मात्र मला अपेक्षित नव्हतं. मला वाटलं होतं, आता बाई कोणावर तरी ढकलतील. मी ढकललं असतं. सव्वीस वर्षांत मी जे जे चुकलो त्यातलं निम्मं इस्त्रीवाल्या काकांच्या नावावर आहे. बाई उठल्या, मुकादमापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चूक आमची. ठरवलं सगळ्यांनी, पण पुढे मी होते, म्हणून माझी." मुकादमाला भांडायचं होतं, त्याला समोर कोणी सापडेना. तो चहा पिऊन गेला. साडेतीनचा.

तू पाठवलेलं, लोकशाही जिथे सुरू झाली त्या जुन्या शहराचं प्रकरण काल घरी मोठ्याने वाचलं. अडीच हजार वर्षांपूर्वी टेकडीवर जमायचे, वाटेल त्याने उठून बोलायचं, कामं चिठ्ठ्या टाकून वाटून घ्यायची. एखादा फार डोईजड झाला की खापराच्या तुकड्यांवर त्याचं नाव लिहून दहा वर्षं गावाबाहेर. (हे खापराचं मला उद्देशून नसावं.) आई सुईत दोरा ओवत होती. विचारते, "टेकडीवर कोण कोण जायचं?"

म्हटलं, "नागरिक. म्हणजे पुरुष. बायका, गुलाम, बाहेरून आलेले यांना मत नव्हतं."

"मग त्यांचं कोण ठरवायचं?"

"टेकडीवरचे."

"त्यांना न विचारता?"

"न विचारता."

"बरं," म्हणाली, आणि दोरा दाताने तोडला. एवढंच. पण 'बरं' म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं, ताई. लहानपणी आपण बरणी फोडून मांजराचं नाव सांगायचो तेव्हा पाहायची, तसं.

तुझा भाऊ


गुरुवार, ९ मे

ताई,

मागच्या पत्रात एक गोष्ट खोटी लिहिली होती. मी बजावून सांगितलं नव्हतं. मी काहीच बोललो नव्हतो.

मत घ्यायच्या आधी बाईंनी सरळ मला विचारलं होतं, "मास्तर, तुमचं काय म्हणणं?" मला माहीत होतं कापड आटणार. मी म्हटलं, "तुमचं राज्य आहे, तुम्ही ठरवा." आणि खडू उचलला. मनात म्हटलं, पडू दे तोंडावर. त्या चाळीस पाटलोणींत माझा तेवढा वाटा आहे.

एक गंमत सांगतो. तोंड गप्प बसलं, पण हाताला सव्वीस वर्षांची सवय. बेतताना पायाशी आत दुमडायला मी नेहमीपेक्षा चार बोटं जास्त कापड सोडत गेलो. माझ्या लक्षातही आलं नाही. पाटलोणी परत आल्यावर बाईंनी एकीची शिवण उसवून पाहिली, मग दुसरीची. चाळीसच्या चाळीस पुन्हा लांब करता आल्या. बाई माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला माहीत होतं."

मी मान खाली घातली. मी, ताई! सगळ्या दुकानासमोर सांगितलं की हो, माहीत होतं, आणि मुद्दाम बोललो नाही.

मला वाटलं आता खापरं निघणार. बाई म्हणाल्या, "कापडाचं कापड जाणणाऱ्याला विचारायचं, चहाचं सगळ्यांना. हे मला उशिरा कळलं. पण विचारल्यावर सांगायचं, हे तुम्हाला अजून कळायचंय." मग जाता जाता म्हणाल्या, "आणि ते दुसरं काळं बटण माझं होतं. काम तुम्हाला येतं, म्हणून टाकलं होतं."

मी मागे वळून पाहिलं. आठही मशीन आणि काकांची इस्त्री एकदम जोरात चालू झाली.

आता जे लिहायला बसलोय ते लिहितो. बाबा गेल्यावर तेराव्या आठवड्यात मी टेंपो घेऊन पहाटे आपल्या जुन्या घरी आलो आणि आईला, तिच्या पलंगासकट, घेऊन गेलो. तुला कळवलं नाही, कारण तू नको म्हणाली असतीस. तुझं चुकलं नव्हतं. तू तिच्यासाठी खोली रंगवून घेतली होतीस, भिंतीवर औषधांचं वेळापत्रकही लावलं होतंस, हे मला नंतर कळलं. मी तिला न विचारता नेलं. पण रागावू नकोस, एक विचारतो: रंग कोणता लावायचा, हे तरी तू तिला विचारलं होतंस का?

तीन वर्षं आपण भांडतोय की आई कोणाची. आणि ती इथे बसून सुईत दोरा ओवतेय.

तू म्हणशील तसं मत घेऊ. गुप्त. तुझे पेपर तपासायचे चालू आहेत, तुला येता यायचं नाही, तर कागद तू पाठव. दोन नावं लिही: तुझं घर, माझं घर. आई खूण करील, पाकीट स्वतः चिकटवील, मी पोस्टात टाकीन. मोजायचं तू. उमेदवार तूही आहेस म्हणा. पण तुझ्यावर विश्वास ठेवायचं मी ठरवलंय. सवय नाही, जमेल.

तुझा भाऊ


रविवार, १९ मे

ताई,

पाकीट यासोबत आहे. आईने पाच दिवस घेतले. मी एकदाही विचारलं नाही. दारावरून जाताना दोन-तीनदा खोकलो, ते घशामुळे.

पाकीट मी उघडलेलं नाही. उजेडापुढेही धरलेलं नाही. एकदाच धरलं. काही दिसलं नाही, तिने आत वर्तमानपत्राचा कागद घातलाय. आपल्या आईचा आपल्यावर किती विश्वास आहे बघ.

पण ते जाड आहे. एक फुली मारायला इतके कागद का लागतात, कळत नाही. तुला कळलं की मला कळव. जे असेल ते. तुझं घर निघालं तर टेंपो मी आणीन, आणि या वेळी उजाडल्यावर, सगळ्यांचा चहा झाल्यावर.

तुझा भाऊ


शनिवार, १८ मे
(बंद पाकिटातलं पत्र)

माझ्या दोन्ही शहाण्यांनो,

ताई, हे तू आधी वाचशील. वाचून झालं की सगळं स्वतःच्या हाताने उतरवून त्याला पाठव. आणि वर 'महोदय' लिहू नकोस, तो तुझा भाऊ आहे.

तुझ्या कागदावर दोन घरं होती. मी दोन्हीवर काट मारली आहे. मत बाद झालं म्हणू नका, खाली तिसरं लिहिलंय ते वाचा.

इथे मला काही कमी नाही. तोच त्रास आहे. उठले की "आई बसा", बसले की "आई पडा". कपबशी विसळायला गेले तर सून धावत येते, जसं काही मी विहिरीत उडी मारतेय. ती चांगली आहे गं, पोहायला जाते तेव्हा माझी भांडी घासून होतात. आणि तुझ्याकडे, ताई, सहाला उठणं, सातला फिरणं, आठला गोळी. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. मला आता कोणत्या वर्गात जायचं नाही.

दुकानावर माडी आहे. मालक तिथे कापडाचे तागे ठेवायचे, आता ती खोली मोकळी आहे. सून पोहायला गेली की डबा द्यायला मीच जायची, तेव्हा काजवाल्या बाईंशी बोलणं व्हायचं. तो म्हणतो त्या बोलत नाहीत. त्याने कधी थांबून पाहिलं नाही. मी त्यांना म्हटलं, वर मला राहू द्याल का, खाली बसून काजं-बटणं करीन, डोळे अजून शाबूत आहेत. त्या म्हणाल्या, "माझ्या एकटीच्या हातात नाही, सगळ्यांना विचारते." मंगळवारी त्यांनी मत घेतलं. 'माडीवरची खोली एका वयस्क बाईंना राहायला द्यावी का?' नाव सांगितलं नाही, मीच नको म्हटलं होतं. दहा पांढरी निघाली, एक काळं.

ते एक कोणाचं हे बाईंनी मला सांगितलं नाही, सांगायचं नसतंच म्हणे. पण त्या दिवशी हा घरी आला आणि जेवताना म्हणाला, "दुकानात कोणी म्हातारी राहायला येतेय. आईला असं एकटं टाकणारी मुलं तरी कसली असतील!" मी त्याला आणखी वाढलं.

तर दहा विरुद्ध एक मी निवडून आले आहे. एक तारखेला जाणार. पलंग नेईन. खोलीला रंग लावायचा तर निळा, मला कोणी विचारलं नव्हतं म्हणून सांगून ठेवते. मला वाटेल तेव्हा उठेन, वाटेल तेव्हा झोपेन. अडलं तर खाली अकरा माणसं आहेत आणि त्यातला एक माझाच आहे. त्याला रोज डबा वरून खाली द्यायला सोपं जाईल.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. एकदा विचारलंत म्हणून सुटलो असं समजू नका. ताईनेच लिहिलं होतं की एकदा दिलेलं मत जन्माला पुरत नाही, पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं. मी म्हातारी आहे, माझं मन बदलेल, पाय थकतील, कदाचित कोणाच्या तरी "आई बसा"ची आठवणही येईल. तेव्हा दर वर्षी एक जूनला मला येऊन विचारायचं, कुठे राहायचंय. पत्राने नाही, समोर येऊन. आणि एकाने विचारलेलं चालणार नाही. दोघांनी एकाच वेळी, एकाच दारातून यायचं.

तुमची
आई